ज्याचा तगादा करता येत नाही

मराठीत 'पत' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. माणसाच्या अब्रूलाही आपण पत म्हणतो आणि बाजारात त्याला किती उसने मिळेल या हिशेबालाही पतच म्हणतो. एखाद्याची पत गेली असे ऐकले म्हणजे नेमके काय गेले, हे वेगळे विचारण्याची गरज पडत नाही. जुन्या पेढीवर हुंडी लिहिणारा सावकार आणि परगावी ती सकारणारा दुसरा सावकार या दोघांवर कायद्यापेक्षा या एका शब्दाचा धाक अधिक होता. दर्शनी हुंडी असली की दाखवताच पैसे द्यायचे. शाहजोग असली की ते शाहाच्या, म्हणजे बाजारात पत असलेल्या गृहस्थाच्याच हाती द्यायचे. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' लिहून मिळे आणि तीही हरवली तर 'परपेठ'. कागद हरवला म्हणून दिलेला शब्द हरवला, असे त्या व्यवहारात कोणी मानीत नसे.

हुंडीला दोन टोके असतात आणि दोन्ही टोकांना माणसांची नावे असतात. बँकेच्या नोटेचे तसे नाही. तिच्यावर 'धारकास' अमुक इतके देण्याचे वचन असते. हा धारक कोण, हे वचन देणाऱ्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याचे त्याला कारणही नसते. ज्याच्या मुठीत कागद तो धारक. ओळखीच्या माणसाला दिलेला शब्द पाळण्यामागे भीड असते, लाज असते, उद्या पुन्हा याच्यापुढे उभे राहायचे आहे ही जाणीव असते. धारकाच्या बाबतीत यांपैकी काहीच उरत नाही. मग ज्याचा चेहरा आपण कधी पाहणार नाही, त्याला दिलेला शब्द माणूस कशाच्या बळावर पाळतो? आणि तो मोडताना आपण काही मोडतो आहोत असे त्याला वाटते तरी का? या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला अमेरिकेतल्या एका आडगावची बँक आठवते. ती जेमतेम पाच वर्षे चालली आणि बुडाली. अमेरिकेच्या इतिहासात बुडालेली पहिली बँक असा तिचा उल्लेख होत असतो. पण तिचे महत्त्व पहिलेपणापेक्षा तिच्या बुडण्याच्या रीतीत आहे.

ऱ्होड आयलंड या लहानशा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात ग्लॉस्टर नावाचे गाव आहे. तेव्हा त्याची वस्ती दोन-अडीच हजारांची होती. १८०४ मध्ये तेथे राज्याच्या सनदेने 'फार्मर्स एक्स्चेंज बँक' स्थापन झाली. त्या काळी अमेरिकेत सरकार नाणी पाडीत असे, पण कागदी पैसा मात्र सनद मिळालेल्या बँका छापीत. नोट ज्या बँकेची, त्याच बँकेच्या खिडकीवर ती नेली तर तिच्यावर लिहिलेले डॉलर चांदी-सोन्यात मोजून मिळत. गावापासून जितके दूर जावे तितकी नोटेची किंमत थोडी थोडी उतरत जाई. आपल्याकडच्या हुंडणावळीसारखाच हा प्रकार होता. परगावची नोट घेणारा ती परत नेण्याचा खर्च आणि आपली भीती, दोन्ही त्या बट्ट्यात कापून घेत असे.

बॉस्टनमधल्या एका तरुण वकिलाने या बट्ट्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. त्याचे नाव अँड्र्यू डेक्स्टर. घराणे प्रतिष्ठित होते आणि चुलता सॅम्युएल डेक्स्टर अमेरिकेचा अर्थमंत्री राहिलेला होता. खेड्यापाड्यांतल्या बँकांच्या नोटांची देवघेव करणाऱ्या बॉस्टनमधल्या एका कचेरीत त्याने हा धंदा जवळून पाहिला, आणि एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानी आली. नोट जोवर मालकीण बँकेच्या दारी परत येत नाही तोवर ती बँकेला मिळालेले बिनव्याजी कर्जच असते. तेव्हा बँक जितकी दूर, रस्ता जितका वाईट आणि धारक जितका अनोळखी, तितके हे कर्ज लांबते. इतरांना जी अडचण वाटत होती तीच त्याला सोय वाटली. त्याने दूरदूरच्या बँकांवर ताबा मिळवायला सुरुवात केली. बॉस्टनपासून सुमारे ऐंशी किलोमीटर आत असलेली ग्लॉस्टरची बँक १८०८ मध्ये त्याच्या मुठीत आली.

पैसा त्याला एका इमारतीसाठी हवा होता. बॉस्टनमध्ये तो 'एक्स्चेंज कॉफी हाउस' बांधत होता. ॲशर बेंजामिन हा नामांकित वास्तुकार त्याने नेमला होता. सात मजले, वर प्रचंड घुमट, आत सुमारे दोनशे खोल्या आणि मधोमध व्यापाऱ्यांसाठी विशाल दालन असा तो बेत होता. त्या काळच्या अमेरिकेत इतकी उंच इमारत क्वचितच होती. दगड, विटा, काच, मजुरी हे सारे नोटांनी भागवायचे आणि नोटा ग्लॉस्टरहून यायच्या.

त्या नोटा कशा तयार होत हे येथे सांगितले पाहिजे. छापखान्यातून ताव येत ते निव्वळ कागद असत. त्यांवर अध्यक्षाने आणि 'कॅशियर'ने शाईने सही केली की त्यांचा पैसा होई. हा कॅशियर म्हणजे आजच्या खिडकीमागचा रोखपाल नव्हे, बँकेचा सारा कारभार त्याच्याच हाती असे. ग्लॉस्टरच्या कॅशियरचे नाव विल्यम कॉलवेल होते. डेक्स्टरने त्याला लिहिलेली पत्रे पुढे विधिमंडळाच्या चौकशीत बाहेर आली. एका पत्राचा आशय असा होता की, बँकेच्या वेळेखेरीज उरलेला सारा वेळ सह्या करण्यात घालवावा; बँकेच्या वेळेत मात्र ते करू नये, लोकांत बोलणे सुरू होईल. दिवसा खिडकीशी बसून गावकऱ्यांचे व्यवहार पाहायचे आणि खिडकी बंद झाली की एकामागून एक वचनांवर सह्या करीत राहायचे, असा त्या माणसाचा दिनक्रम त्या हिवाळ्यात झाला.

मला डेक्स्टरपेक्षा कॉलवेलचे कोडे अधिक अवघड वाटते. डेक्स्टरला निदान एक स्वप्न होते, मग ते कितीही फुगलेले असो. कॉलवेल केवळ सही करीत होता. त्याच्या बाजूने बोलायचे तर खाल्ल्या मिठाला जागणे ही काही हलकी नीती नव्हे. बँकेचे बहुतेक भाग ज्याच्या हाती, त्याचा हुकूम कारभाऱ्याने मानायचा नाही तर कोणी मानायचा? पण मीठ नेमके कोणाचे खाल्ले? नोटेवर 'डेक्स्टर देईल' असे लिहिलेले नव्हते. बँक देईल असे लिहिलेले होते आणि बँकेच्या वतीने शब्द देणारा हात कॉलवेलचा होता. ज्या घटकेला त्याने सही केली, त्या घटकेला तो मालकाचा चाकर न राहता अनोळखी धारकाचा ऋणको झाला. त्याने ते ओळखले नाही, की ओळखून डोळे मिटले, हे ठरवणे सोपे नाही. मात्र 'दिवसा करू नये' ही सूचना वाचल्यावर त्याला काहीच कळले नसेल यावर विश्वास ठेवणे जड जाते.

या साऱ्या प्रकरणातला सर्वांत विलक्षण कागद मात्र नोट नव्हे. बँकेतून उचललेल्या रकमांपोटी डेक्स्टरने बँकेला जे वचनपत्र लिहून द्यायचे, त्याचा मसुदा उपलब्ध आहे. अमेरिकन चलनाचा पहिल्या पिढीतला टीकाकार विल्यम गौज याने तो १८३३ मधल्या आपल्या ग्रंथात दिला आहे. त्यात रक्कम आहे, मुदत आहे, दोन टक्के व्याज आहे. आणि शेवटी एक कलम असे आहे की, डेक्स्टरला स्वतःला योग्य वाटेल तोवर त्याच्याकडे पैशाची मागणी करता येणार नाही, कारण प्रमुख भागधारक या नात्याने कधी फेडणे योग्य हे त्यालाच सर्वांत चांगले कळते. खोटे बोलणारा माणूस सहसा खऱ्याचे सोंग घेतो. येथे तेही घेतलेले नाही. शब्द दिला आहे, सही आहे, व्याजही आहे. काढून घेतला आहे तो फक्त समोरच्याचा मागण्याचा हक्क.

१८०९ च्या आरंभी बॉस्टनमधल्या व्यापाऱ्यांचा संशय बळावला आणि नोटांचे गठ्ठे ग्लॉस्टरच्या रस्त्याला लागले. त्या मार्चमध्ये बँक बंद पडली. विधिमंडळाच्या समितीने तिजोरी उघडून मोजदाद केली तेव्हा तीत ८६ डॉलर ४६ सेंट इतके नाणे निघाले. बाहेर फिरणाऱ्या नोटांचे अंदाज वेगवेगळे आहेत. पण रक्कम पाच लाख डॉलरांच्या वर होती असे बहुतेकांचे म्हणणे आहे. डेक्स्टर सर्वांच्या हातावर तुरी देऊन नोव्हा स्कोशियाला निघून गेला. एक विसंगती येथे नोंदवण्यासारखी आहे. नक्कल करता येऊ नये म्हणून न्यूबरीपोर्टच्या जेकब पर्किन्सने शोधलेल्या पोलादी ठशांवरून त्या नोटा छापलेल्या होत्या. नकली नोट करणाऱ्याला त्या सहज साधत नसत. खऱ्या नोटाच खोट्या निघतील, याचा बंदोबस्त करणारा ठसा मात्र कोणी शोधलेला नव्हता. त्या नोटा आजही संग्राहकांकडे आढळतात आणि पैसे मोजून विकत घेतल्या जातात.

इथवर गोष्ट सरळ आहे. डेक्स्टर लबाड होता असे म्हणून मोकळे होता येते. अडचण पुढे आहे. त्या काळची कोणतीही सचोटीची बँक घेतली तरी तिच्या तिजोरीतल्या नाण्यांपेक्षा बाहेरच्या नोटा अधिकच असत. सगळे धारक एकाच दिवशी दाराशी आले असते तर ती बँकही बुडाली असती. म्हणजे सज्जन बँकही सर्वांना एकदम पाळता येणार नाही असेच वचन देत होती. मग सज्जन आणि लबाड यांच्यात फरक उरतो तो केवळ प्रमाणाचा काय? शंभराला तीस ठेवणारा प्रामाणिक आणि शंभराला एकही न ठेवणारा ठक, तर मधली रेघ कितीवर ओढायची? नीती अशी टक्क्यांत मोजता येत असेल तर ती हिशेबनिसावर सोपवून आपण स्वस्थ बसावे हे बरे.

इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिमीमांसेत खोट्या वचनाचे उदाहरण घेतले आहे आणि तेही पैशाचेच आहे. अडचणीत सापडलेला माणूस परतफेड करता येणार नाही हे जाणून, परत करीन असे म्हणत कर्ज काढतो. असे सर्वच करू लागले तर वचनावर विश्वास ठेवणेच संपेल आणि मग खोटे वचन देणेही शक्य उरणार नाही, असा कांटचा युक्तिवाद आहे. तो मला पटतो, पण डेक्स्टरला तो पुरता पकडत नाही. कारण फेडता येणार नाही हे डेक्स्टरला ठाऊक होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. इमारत पुरी होईल, भाडे येऊ लागेल, बॉस्टनचा सारा व्यापार त्या घुमटाखाली गोळा होईल आणि मग साऱ्या नोटा मी सोडवून घेईन, असे तो मनोमन म्हणत असण्याचा संभव बराच आहे. आणि इमारत खरोखरच पुरी झाली! १८०९ मध्येच ती उघडली आणि १८१८ मध्ये आगीत भस्म होईपर्यंत उभी होती. विटा खऱ्या होत्या, सुतारांचे कसब खरे होते. खोटा होता तो फक्त त्यांच्या हाती दिलेला मोबदला.

बुडीत पैशातून उभे राहिलेले खरे बांधकाम आपल्यालाही अनोळखी नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईत कापसाचा पैसा ओतला, भागांचे वेड उसळले आणि १८६५ मध्ये ते ओसरल्यावर १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे डबघाईला येऊन १८६८ मध्ये गुंडाळली गेली. त्या वेडाच्या केंद्रस्थानी असलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा आहे. प्रेमचंदांना डेक्स्टरच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. पण मनोऱ्याकडे पाहून त्या वर्षांत धुळीला मिळालेल्या कुटुंबांचा हिशेब चुकता झाला, असे मात्र कोणी म्हणू नये. फळ उत्तम निघाले म्हणून आधीचे कर्म शुद्ध ठरत असेल, तर ज्यांच्या पदरी फळ पडलेच नाही त्यांना आपण काय सांगणार?

तेव्हा रेघ ओढायची ती तिजोरीतल्या रकमेवर नव्हे, दारावर ओढली पाहिजे असे मला वाटते. सचोटीची बँक सर्वांना एकदम देऊ शकत नव्हती हे खरे. पण जो कोणी येईल त्याला यायला ती मोकळीक देत होती. किंबहुना, रोज कोणीतरी यावे, त्याला नाणे मोजून मिळावे आणि ते इतरांनी पाहावे यावरच तिची पत उभी होती. डेक्स्टरची सारी बुद्धी कोणी येऊच नये यासाठी खर्ची पडली. बँक आडगावी निवडली ती त्यासाठी, सह्या रात्री करवल्या त्या त्यासाठी आणि स्वतःच्या वचनपत्रात ते कलम घातले तेही त्यासाठीच. वचन देणारा स्वतःला बांधून घेतो, पण त्या दोरीचे दुसरे टोक तो समोरच्याच्या हाती देतो. ते टोक हातात असणे म्हणजेच वचन मिळणे. तगादा हा आपल्या भाषेत जरा कटकटीचा शब्द आहे. तगादा लावणारा कोणालाच आवडत नाही. तरीही ज्याचा तगादा करता येत नाही त्याला फार तर आश्वासन म्हणता येईल, किंवा कृपा. वचन म्हणता येणार नाही. आणि अनोळखी धारकाचा चेहरा दिसत नाही म्हणूनच त्याच्यासाठी दार उघडे ठेवण्याची जबाबदारी वाढते. ओळखीच्या माणसासाठी भीड जे काम करते, ते येथे फक्त दार करू शकते.

ही कसोटी आपल्या खिशातल्या नोटेला लावली तर काय होते? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचे धारकाला दिलेले वचन तिच्यावर हिंदीत आणि इंग्रजीत छापलेले असते. मागच्या बाजूच्या पट्टीत मराठीसह पंधरा भाषांत रक्कम तेवढी लिहिलेली असते, वचन नसते. एक रुपयाच्या नोटेवर तर वचनच नाही. ती भारत सरकारची असते आणि स्वतःच रुपया असते. शंभराची नोट रिझर्व्ह बँकेच्या खिडकीवर नेऊन वचन पाळा म्हटले तर शंभर रुपयांच्या दुसऱ्या नोटा किंवा नाणी मिळतील; त्या बदल्यात ठरावीक वजनाचे सोने-रुपे मिळण्याचा काळ केव्हाच मागे पडला. तगादा करायचा तो आता नाण्याचा राहिलेला नाही. तो आहे नोटेची किंमत टिकवण्याचा, आणि तो खिडकीवर करता येत नाही. संसदेत, वर्तमानपत्रात, मतपेटीत करावा लागतो. दार आहे, पण ते लांब गेले आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या तेव्हाच्या नोटा चलनातून गेल्या. त्या भरण्यास मुदत मिळाली आणि पुढे २०१७ च्या कायद्याने त्यांवरचे रिझर्व्ह बँकेचे दायित्व संपले. हे सारे उघडपणे जाहीर करून झाले, रात्रीच्या सह्यांसारखे नव्हे. हा फरक मी लहान मानत नाही. तरीही मुदत टळल्यावर एखाद्या वृद्धेच्या लुगड्याच्या घडीत सापडलेल्या नोटेवरची वचनाची ओळ तशीच होती आणि दार बंद झाले होते. तिला काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात सुटतो असे मला वाटत नाही.

डेक्स्टरची गोष्ट मात्र ग्लॉस्टरला संपत नाही. काही वर्षांनी तो दक्षिणेत अलाबामात प्रकटला. तेथे त्याने जमीन घेतली, भूखंड पाडले आणि नवे नगर वसवण्याचा उद्योग मांडला. शेजारच्या वसाहतीशी एकत्र येऊन १८१९ मध्ये त्याचे माँटगोमेरी झाले. आपल्या जमिनीतली एक टेकडी त्याने विकली नाही. राज्याची राजधानी एक दिवस येथे येईल आणि विधिभवन या टेकडीवर उभे राहील असे तो म्हणत असे. राजधानी काही येईना. टेकडीवर शेळ्या चरत आणि लोक तिला शेळ्यांची टेकडी म्हणत. १८३७ मध्ये डेक्स्टर मोबिल येथे पीतज्वराने वारला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८४६ मध्ये, राजधानी माँटगोमेरीला आली आणि विधिभवन त्याच टेकडीवर बांधले गेले. ज्याचे एकही वचन पुरे झाले नव्हते, त्या माणसाचे हे एक भाकीत, कोणी तगादा केला नसताना, खरे ठरले.

त्या टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्याला पुढे डेक्स्टर ॲव्हेन्यू असे नाव मिळाले. रस्त्यावर, विधिभवनाच्या नजरेच्या टप्प्यात, विटांनी बांधलेले एक लहानसे चर्च आहे. १९५४ मध्ये तेथे मार्टिन ल्यूथर किंग नावाचा पंचविशीतला तरुण धर्मोपदेशक म्हणून आला. पुढच्याच वर्षी माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार पुकारला तेव्हा त्याचे नेतृत्व त्याच्याकडे आले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये, लिंकनच्या स्मारकापुढे जमलेल्या दोन लाखांहून अधिक लोकांसमोर त्याने केलेले भाषण जगभर वाचले जाते ते त्यातल्या स्वप्नासाठी. त्याचा पूर्वार्ध पेढीच्या भाषेत आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. राज्यघटना लिहिणाऱ्यांनी प्रत्येक नागरिकाच्या नावे एक वचनचिठ्ठी लिहून ठेवली होती. कृष्णवर्णीयांनी ती दाखवली तेव्हा शिल्लक नाही असा शेरा मारून ती परत करण्यात आली. पण न्यायाची तिजोरी रिकामी आहे हे आम्ही मानायला तयार नाही आणि म्हणून आज वटवायला आलो आहोत, असा त्याचा आशय होता. डेक्स्टरच्या नावाच्या रस्त्यावर सहा वर्षे धर्मोपदेश केलेल्या माणसाला त्या रस्त्याच्या नावामागची बँक ठाऊक होती की नाही, याने फारसे बिघडत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ग्लॉस्टरच्या खिडकीशी गठ्ठे घेऊन गेलेले लोक जे करीत होते, तेच हे लोक करीत होते. ते दाराशी आले होते.

१९६५ च्या मार्चमध्ये सेल्माहून पायी निघालेले हजारो लोक माँटगोमेरीत पोचले आणि त्याच रस्त्याने चढत टेकडीवरच्या विधिभवनाच्या पायऱ्यांपर्यंत गेले. मतदानाच्या हक्काची त्यांची मागणी होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तसा कायदा झाला. चर्च अजून तेथेच आहे. १९७८ मध्ये त्याचे नाव बदलून 'डेक्स्टर ॲव्हेन्यू किंग मेमोरियल बॅप्टिस्ट चर्च' असे करण्यात आले. तेव्हापासून त्याच्या नावात दोघेही आहेत.